तुमच्यात असंच असतं का हो?

जोतिबाच्या डोंगरावर गावाचं प्रतिनिधित्व करायला माणूस लागत नाही. कळक लागतो.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला गावोगावच्या सासनकाठ्या डोंगर चढून येतात. चांगला तीस-चाळीस फूट उंच कळक, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, शेंड्याला निशाण आणि तोल सांभाळायला चारी बाजूंनी ओढून धरलेले दोर. मधला दमदार गडी ती काठी खांद्यावर, छातीशी, अंगात फारच वारं भरलं तर तळहातावर घेऊन हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. वरून गुलाल-खोबरं पडत असतं. मानाच्या काठ्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या मौजे पाडळीचा, दुसरा पाटण तालुक्यातल्या विहे गावाचा, शिवाय कसबे डिग्रज, किवळ, कवठेएकंद अशी मानकऱ्यांची मोठी रांग. हा क्रम कुणी आणि का ठरवला, असं यात्रेत मोठ्यानं विचारू नये. उत्तर मिळतं, पण एकापेक्षा जास्त मिळतात.

काठी समोर आली की बघणारे म्हणतात, "पाडळी आली!" म्हणजे अख्खं गाव आलं. गावातली शहाणी, हेकट, देवभोळी, सोसायटीचं कर्ज थकवलेली, बांधाच्या वादात तीन पिढ्या कोर्टात घालवलेली अशी सगळी माणसं त्या एका कळकात मावतात आणि कळकाची काही तक्रार नसते. त्याला कुणी बाजूला घेऊन विचारत नाही, की तुमच्या गावात सुनांना कसं वागवतात हो? तुमच्याकडची पोरं शेती का करत नाहीत? काठीनं नाचायचं, गुलाल झेलायचा, संध्याकाळी यमाईच्या भेटीला जायचं. तोल गेलाच तर दोर धरायला गडी आहेत.

मी गेली बरीच वर्षं पुण्यात कोल्हापूरची सासनकाठी आहे. माझा दोर मात्र कुणीच धरलेला नाही.

ही नेमणूक रीतसर झाली असती तर निदान नाकारता आली असती. ऑफिसात रुजू झालो त्या दिवशी साहेबांनी "हे आपले कोल्हापूरचे" अशी ओळख करून दिली. बाकीच्यांची ओळख नावानं झाली. तेव्हापासून पंचगंगेला पूर आला की मला फोन, ऊसदराचं आंदोलन पेटलं की मला प्रश्न, आणि बातम्यांत कोल्हापूरच्या कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली की सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघतं. जणू मीच वाजवली आणि आता इथं पोहे खात बसलोय.

यात्रेहून परतल्यावर तर विचारू नका. जोतिबाचा गुलाल धुतला जात नाही, तो आपल्या सवडीनं जातो. देवळाचे दगड, पायऱ्या, दीपमाळा सगळं गुलाबी झालेलं असतं. तिथं माझ्या कानामागच्या कातडीची काय कथा? सोमवारी डबा उघडतोय न उघडतोय तोच शेजारच्या टेबलावरून येतं, "तुम्ही लोक इतका गुलाल कशाला उधळता हो? श्वसनाचे विकार होतात." तुम्ही लोक म्हणजे यात्रेला आलेले लाखो भाविक. ते सातारचे होते, सांगलीचे होते, बेळगावकडचे होते, कोकणातून घाट चढून आलेले होते. त्या सगळ्यांच्या वतीनं खुलासा करायचा मी एकट्यानं, तोही भेंडीची भाजी गार होत असताना. विचारणारा गृहस्थ दरवर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल बडवतो. ती मिरवणूक दिवस उलटून दुसऱ्या दुपारपर्यंत चालते, पण त्याबद्दल त्याला कुणी जबाब विचारत नाही. कारण तो स्वतःच्या गावात राहतो. आपल्या गावात माणूस सुटा असतो. वेस ओलांडली की तो गाव होतो.

खरी परीक्षा मात्र ताटात. मला तिखट सोसत नाही. पूर्वीही सोसत नव्हतं, आता तर डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलंय. ही गोष्ट मी कोल्हापुरात राजरोस सांगू शकतो. तिथं फार तर आत्या म्हणते, "त्याला जरा पांढरा वाढ गं." पुण्यात सांगायची सोय नाही. ऑफिसची पार्टी असली की कुणीतरी उत्साहानं 'व्हेज कोल्हापुरी' मागवतं. ही भाजी कोल्हापुरात कुणाच्या आईनं केल्याचं मी ऐकलेलं नाही. फ्लॉवर, गाजर, वाटाणा यांना लाल तवंगात बुडवायचं, वर दोन तळलेल्या मिरच्या आडव्या टाकायच्या आणि एका जिल्ह्याचं नाव द्यायचं. ती वाटी टेबलावर आली की सगळ्यांचे हात थांबतात आणि नजरा माझ्याकडे वळतात. मी पहिला घास घेऊन दाखला द्यायचा असतो. मला ठसका लागतो. डोळ्यांतून पाणी येतं. मग कुणीतरी अत्यंत दुखावल्या आवाजात म्हणतं, "कोल्हापूरचा आणि तिखट लागलं?" मी एकटा खोकलो तरी त्यांच्या लेखी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, कसबा बावडा सगळे एकदम खोकलेले असतात.

आता खरं सांगायचं तर तांबडा-पांढरा ही जोडी आहे आणि त्यातला पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, सौम्य, पोटाला धरून राहणारा. निम्मं कोल्हापूर सौम्य आहे, हे त्या जोडीतच सांगितलेलं आहे. पण पांढऱ्याला प्रतिनिधी म्हणून कुणी विचारत नाही. आणि ज्या मिरचीच्या जिवावर आमचा दरारा आहे त्यातली ब्याडगी कर्नाटकातली, संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची. चपलांचंही तेच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपली म्हणून आमची चप्पल चालवली आणि नाव घ्यायचं विसरली, तेव्हा दोन आठवडे मी रोज निषेध करत होतो. म्हणजे मला करावा लागत होता. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा दाताच्या दवाखान्यात तोंडात कापूस असताना. "तुम्हा कोल्हापूरकरांना कसं वाटतंय?" माझ्या पायात स्पोर्ट्स शूज असायचे. कोल्हापुरी चप्पल मला चावते. शिवाय २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांचं मिळून आहे: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चपलेला प्रतिनिधित्व करायला आठ जिल्हे मदतीला. मला घरचा एक मेव्हणाही नाही.

त्याच पावसाळ्यात नांदणी मठाची हत्तीण गुजरातला अंबानींच्या केंद्रात नेली तेव्हा लोकांनी निषेध म्हणून जिओचं सिम कार्ड बदलायची मोहीम काढली, आणि पुण्यात माझा मोबाइल हातात घेऊन तपासण्यात आला.

कुस्तीचं बोलत नाही. माझ्याकडे बघून कुणालाही तालीम आठवायचं कारण नाही, तरी "कोल्हापूरचे म्हणजे लंगोट बांधला असेलच" हे ऐकावं लागतं. बरं, ज्यांनी खरंच बांधला त्यांची गावं बघा. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे. १९५९ साली त्यांनी पंजाबच्या बंता सिंगला हरवलं आणि कोल्हापूरची मान ताठ झाली. ते मूळचे एकसंब्याचे, बेळगाव जिल्ह्यातले. त्यांच्या मागोमाग हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर पुनवतचे, शिराळ्याकडचे. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. मिरची बाहेरची, चप्पल आठ जिल्ह्यांची, पैलवान सगळ्या मुलखातून आलेले. कोल्हापूरनं त्यांना तालीम दिली, खुराक दिला, खासबागेचं मैदान दिलं आणि आपलं नाव दिलं. शुद्ध, अस्सल, पिढ्यान्‌पिढ्यांचा कोल्हापूरकर म्हणून उरलो तो मी, आम्लपित्तवाला.

खाशाबांची गोष्ट इथं जरा थांबून सांगितली पाहिजे, कारण हा सगळा व्यवहार कसा चालतो ते तिथं उघडं पडतं. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा खाशाबा हा एक कुस्ती खेळणारा पोरगा होता, आणि पैशाची नड ही त्याची घरगुती अडचण होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकी वर्गणी. तिकडून कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक निघाली. आता ते एकाच वेळी गोळेश्वरचे, कऱ्हाडचे, सातारचे, कोल्हापूरचे, महाराष्ट्राचे आणि भारताचे होते. पदकाला हात लावायला पुढे आलेल्यांत आणि गहाणखतावर सही करायला पुढे आलेल्यांत किती फरक होता बघा. बैलगाड्या शंभर, प्राचार्य एक.

अपयशाची वाटणी मात्र उलटी होते, आणि त्यासाठी आपल्या भाषेनं दोन म्हणी तयार ठेवल्यात. आपल्यातल्या कुणी लाच खाताना सापडला की आपण सुस्कारा सोडून म्हणतो, "पाची बोटं सारखी नसतात." त्यांच्यातला सापडला की म्हणतो, "शितावरून भाताची परीक्षा." एकाच गुन्ह्याला दोन म्हणी, कुठली वापरायची ते आडनाव बघून ठरतं. आता शिताची परीक्षा भाताला लागू पडते हे खरंच आहे. तांदूळ एका पोत्यातला, पाणी एका तपेलीतलं, जाळ एक, वेळ एक. पण माणसांचं पोतं कुणी एकदम शिजत लावलेलं नाही. माझ्याच घरात आम्ही दोघे भाऊ. एक तीन शिट्ट्यांत गाळ, दुसरा अजून कच्चा.

जोतिबाच्या घाटातच याचं प्रात्यक्षिक बघायला मिळतं. रविवारी देवाचा वार, गाड्यांची रांग. एका वळणावर चढाला गाडी बंद पडली आणि थोडी मागं सरकली. चालवणारी बाई होती. मागच्या गाडीतून, त्याच्या मागच्या गाडीतून, आणि रस्त्याकडेला कलिंगडं विकणाऱ्याकडून एकमुखानं निकाल आला: "बाई आहे." बस्स. जगातल्या निम्म्या लोकसंख्येचं लायसन्स त्या वळणावर रद्द झालं. जरा वर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट कलंडून पडला होता आणि ऊस रस्ताभर पसरलेला. चालक मिशा पुसत बाजूला उभा. "ब्रेक लागला नसंल," कलिंगडवाला हळहळला. ब्रेक, चढ, कारखान्याचा मुकादम, नशीब, सगळ्यांवर दोष गेला. "पुरुष आहे" असं म्हणायचं कुणालाही सुचलं नाही.

इथपर्यंत हसून घेता येतं. कोल्हापूरकर असण्याचं ओझं असं काय मोठं? ठसका लागला, पाणी प्यालो, झालं. पण ज्यांना हा मान सक्तीनं आणि बाराही महिने मिळतो, त्यांच्या खांद्याकडे कुणी बघत नाही. माझ्या ओळखीतला एक इंजिनिअर आहे, हुशार, मितभाषी, उसळीत लिंबू पिळून खाणारा. त्याच्या आडनावावरून लोकांनी काय ते ताडलेलं आहे. जेवताना त्याला अगदी गोड आवाजात विचारतात, "तुला काय वाटतं, आरक्षण अजून किती वर्षं चालावं?" देशाचं धोरण, आणि विचारायचं कुणाला, तर ज्याच्या हातात पोळीचा तुकडा आहे त्याला. तो एकदा म्हणाला, "मला वाटतं दही आज आंबट आहे." लोकांना राग आला. त्यांच्या मते तो उत्तर टाळत होता. त्याच्या मते दही खरंच आंबट होतं. त्याच्या ड्रॉइंगमध्ये एक माप चुकलं तर "म्हणूनच" हा शब्द वाक्याच्या शेवटी तरंगत राहतो. माझी चार मापं चुकली तेव्हा साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

हे कोल्हापूरच्या माणसानं सांगावं हे बरं, कारण आरक्षणाची सुरुवातच आमच्याकडची. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम काढला. पण मला राहून राहून आठवतो तो गंगाराम कांबळे यांचा चहा. महाराजांच्या पागेत नोकरी. तिथं सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून बेदम मार खाल्ला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकायला लावलं. 'सत्यसुधारक' हे त्याचं नाव. आता अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. संस्थानाचा धनी पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना कप नाकारायची पंचाईत.

या गोष्टीत महाराजांचं कौतुक सगळे करतात, आणि करावंच. मी विचार करतो तो गंगारामांचा. कोल्हापुरात चहाची दुकानं तेव्हाही असणारच. एखाद्या दुकानात चहात साखर कमी पडली तर गिऱ्हाईक म्हणत असेल, साखर कमी आहे. गंगारामांच्या चहात एखाद्या दिवशी साखर कमी पडली असती तर काय म्हटलं गेलं असतं? त्या माणसाला रोज सकाळी आधण ठेवताना दूध, साखर, पत्ती आणि अख्खी जात मोजून टाकावी लागत असणार. वाईट चहा करण्याचा हक्क हाही हक्कच आहे. तो बाकीच्या चहावाल्यांना जन्मतःच होता. आजही आहे, आणि काही जण तो मनापासून बजावतात. आमच्या ऑफिसखालचा टपरीवाला तर रोज.

याचा अर्थ प्रतिनिधी नसावेत असा नाही. माणगावला मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली, शाहू महाराजांनी भर सभेत सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आणि तो पुढारी म्हणजे डॉ. आंबेडकर. त्यांनी तर आदल्या वर्षीच साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मतांचा अधिकार आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी मागितले होते. ते प्रतिनिधित्व मागून, भांडून, अभ्यास करून घेतलेलं. आमदाराला निवडून देतात, मानधन देतात, भत्ता देतात, प्रवासाची सोय करतात आणि पाच वर्षांनी बदलायची मुभा ठेवतात. कॅन्टीनमधल्या प्रतिनिधीला यातलं काही नाही. मुदतही नाही. राजीनामा द्यायचा तर कुणाकडे?

माझा एक शिरोळ तालुक्यातला मित्र आहे. त्याच्या शेजारच्या कुरुंदवाडमध्ये मशिदीत गणपती बसतो, हे तो कधी सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं नाही. जगात कुठंही, पार समुद्रापलीकडे, स्फोट झाला की पुण्यात त्याच्या चहाच्या कपाशी शांतता पसरते. सगळे वाट बघतात. त्यानं निषेध केला की कप पुन्हा हलायला लागतात. एकदा त्याला सर्दी होती आणि आवाज बसला होता, तर लोक अस्वस्थ झाले. त्याला आणखी एक प्रशस्तिपत्र नेहमी मिळतं: "तुमचं मराठी किती छान आहे हो!" तो म्हणतो, "तुमचंही बरं आहे. फक्त न आणि ण कडे लक्ष द्या." आणि हे तो अस्सल शिरोळी हेल काढून म्हणतो, त्यामुळे समोरच्याला राग धरावा की हसावं हे ठरवता येत नाही.

या सगळ्यावर कळस म्हणजे शाबासकी. "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." हे वाक्य बोलणारा फार प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून बोलतो. मलाही मिळालंय: "किती हळू बोलतोस रे, कोल्हापूरचा वाटत नाहीस." म्हणजे वाईट वागलो तर मी कोल्हापूर, आणि बरा वागलो तर मी कोल्हापुरातून बाद. या हिशेबानं कोल्हापूरच्या खात्यावर जमेची बाजू कधी पडायचीच नाही. जो जो बरा निघेल तो वजा होत जाणार.

परदेशात हा प्रकार लहान मुलांवर येतो. माझ्या चुलत भावाची मुलगी न्यू जर्सीत शाळेत जाते. वर्गात भारताचा धडा निघाला की बाई पुस्तक मिटून तिच्याकडे वळतात. नऊ वर्षांची पोर, तिचा भारत म्हणजे उन्हाळ्यातले तीन आठवडे, आजीचं घर आणि जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालानं माखलेला फ्रॉक. तिला विचारलं, की तुमच्या देशात गायी रस्त्यात का बसतात? एकशे चाळीस कोटी माणसं आणि शिवाय सगळी गुरं, एवढ्यांच्या वतीनं तिनं विचार करून उत्तर दिलं, "त्यांना बसायचं असेल." आमच्या घराण्यात आजवर कुणी इतका अचूक खुलासा केलेला नाही.

एका जागी अनेकांचं काम करायचं ते देवानं करावं. जोतिबाला ते जमतं. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी या चौघांचा मिळून तो अवतार, अशी श्रद्धा आहे. वर केदारनाथ म्हणायचं ते त्यालाच. दख्खनचा राजा ही पदवी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं कुलदैवत ही जबाबदारी वेगळी. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये देऊळ बांधलं तेव्हापासूनचा हिशेब धरला तरी जवळपास तीनशे वर्षं सगळ्यांची गाऱ्हाणी एकटा ऐकतोय. पण त्याला पालखी आहे, पुजारी आहेत, आणि मुख्य म्हणजे "तुम्हा देवांना काय वाटतं?" असं त्याला तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही.

माणसांना विचारतात. गेल्या चैत्रात मुंबईचा एक पाहुणा माझ्याबरोबर डोंगरावर आला होता. चांगला शिकलेला, सर्वेक्षण वगैरे करणाऱ्या संस्थेत कामाला, आणि डोंगर चढून आल्यामुळे ज्ञानाची तहान लागलेली. देवळाच्या वाटेवर दवणा विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीसमोर तो उकिडवा बसला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "मावशी, इथं पर्यटन वाढतंय, विकास आराखडे येतायत. तुम्हा डोंगरावरच्या लोकांच्या याबद्दल काय भावना आहेत?"

म्हातारीनं जुडीवर पाणी शिंपडलं. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डोंगरावरच्या लोकास्नी काय वाटतंय ते सरपंचास्नी इचारा. आन्‌ म्या डोंगरावरची न्हवं, खालनं येत्या रोज," ती म्हणाली. "मला इचारशीला तर मला वाटतंय तुमी दवणा घ्यावा. इसाला जुडी."

पाहुणा म्हणाला, "पण साधारणपणे..."

"साधारण धाला हाय. त्यो वाळलेला."